दोघांची सहल, दोघांचा बेत

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. लग्नाच्या पंचविसाव्या नाहीतर पन्नासाव्या वाढदिवसाला नवराबायकोनं गाडीनं परदेशात जायचं. बाळापूरहून, रस्त्यानं.

हसू नका, कारण हे होण्यासारखं आहे. परदेश म्हटलं की आपल्याला विमानच दिसतं. पण नेपाळ हाही परदेशच आहे आणि तिथं जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. आपल्या गावाजवळून जाणारा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आशियाई महामार्गांच्या यादीतही ४६ क्रमांकाचा आहे. त्या रस्त्यानं नागपूर गाठायचं. पुढं शिवनी, जबलपूर, रीवा, वाराणसी, गोरखपूर आणि मग सोनौलीची सीमा. सगळं मिळून साधारण १,३०० ते १,४०० किलोमीटर. वाटेत नागपूरची दीक्षाभूमी आहे, वाराणसीजवळ सारनाथ आहे, गोरखपूरपासून थोडी वाकडी वाट केली की कुशीनगर आहे. सीमा ओलांडली की तासाभरात लुंबिनी. नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब माईसाहेबांना घेऊन काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, तेव्हा नेपाळ आपल्या लोकांना नवं नाही. पशुपतिनाथाला तर आपल्या भागातून दरवर्षी बसगाड्या भरून लोक जातात.

पण बेत कोण करतं? मुलगा गाडी ठरवतो, घरधनी तारीख ठरवतात. बाईला विचारलं तर ती म्हणते, "मले काय समजते बाप्पा त्यातलं, ते ठरवतीन तसं." मग तिच्या वाट्याला येतं ते पिशव्या भरणं आणि दशम्या करणं. सहल दोघांची आहे, तर बेतातला अर्धा भाग तिचा हवा. तो कोणता, ते सांगते.

पहिली गोष्ट तारखेची. आपल्याकडची बरीच लग्नं चैत्र-वैशाखातली. त्याच तारखेला निघायचं म्हटलं तर जबलपूर ते गोरखपूर उन्हात भाजून निघाल. लग्न मृगाच्या तोंडावर झालं असेल तर गाठ नेपाळच्या पावसाळ्याशी. तिथला पावसाळा म्हणजे दरडी. लुंबिनीकडून काठमांडूला जाणारा रस्ता नारायणगड आणि मुगलिंगवरून त्रिशूली नदीच्या काठानं जातो. जुलै २०२४ मध्ये त्याच रस्त्यावर दरड कोसळून दोन बसगाड्या नदीत गेल्या. पुढच्याच महिन्यात, २३ ऑगस्टला, पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. त्या बसमध्ये आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातली, भुसावळकडची माणसं होती. पंचवीसहून जास्त जीव गेले. म्हणून तारखेचा हट्ट सोडा. वाढदिवस त्या दिवशी घरीच गोडाधोडाचं करून साजरा करा आणि सहल महिने पाहून काढा.

महिना कोणता, हे आपल्याइतकं कोणाला कळणार? दसरा-दिवाळीत सोयाबीनची सोंगणी, पुढं कापसाची वेचणी, मग तूर. डिसेंबर-जानेवारीत गोरखपूरकडे असं धुकं पडतं की पुढची गाडी दिसत नाही. हरभरा घरात आला, गहू निघाला की मार्चमध्ये आठ-दहा दिवस मोकळे सापडतात. तेव्हा नेपाळात हवा चांगली असते आणि डोंगरात गुरांसची लाल फुलं फुललेली असतात. काठमांडू आपल्या चिखलदऱ्यापेक्षा थोडं उंच आहे. रात्री स्वेटर लागेल एवढंच.

दुसरी गोष्ट कागदाची. पासपोर्ट नसला तरी चालतो, पण मतदार ओळखपत्र हवंच. नुसत्या आधारवर विसंबू नका. कुटुंबातल्या एकाकडे असं ओळखपत्र असलं तर बाकीच्यांना नात्याच्या पुराव्यावर सवलत मिळते, असं नियमात आहे. म्हणजे नवऱ्याच्या कार्डावर बायको जाऊ शकते. तरी मी म्हणते, आपलं कार्ड आपल्याजवळ असू द्या. परक्या मुलखात चुकामूक झाली, दवाखान्यात जायची वेळ आली, तर त्याचं कार्ड त्याच्या खिशात आणि तुम्ही दुसरीकडे. कित्येकींच्या कार्डावर अजून माहेरचं नाव आहे, कुठं वयच चुकलेलं. ते दुरुस्त व्हायला वेळ लागतो, म्हणून आतापासून पाहा.

गाडीचे कागद वेगळे. नोंदणीचं पुस्तक, विमा, प्रदूषणाचा दाखला, चालकाचा परवाना. विमा देशाबाहेर आपोआप लागू होत नाही. निघण्याआधी वाढीव हप्ता भरून नेपाळसाठी जोडून घ्यावा लागतो. सीमेवर नेपाळची जकात कचेरी आहे. तिथं गाडीचा परवाना काढायचा, त्याला ते भन्सार म्हणतात. पैसे दिवसांच्या हिशोबानं भरायचे असतात, म्हणून मुक्कामाचे दिवस आधी मोजा, वर एखादा दिवस जास्तीचा धरा.

आता पैसा. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून साडेतीन हजार किलोमीटर होतात. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर २३३ लिटर तेल लागेल. लिटरमागे ९५ रुपये धरले तर २२ हजारांच्या वर. टोल, मुक्काम, जेवण वेगळं. हा हिशोब गटाच्या वहीत करतो तसाच करा, अवघड काही नाही. गटाचं कर्ज मात्र यासाठी काढू नका, वर्षभर भिशी लावा. माझं मत विचाराल तर पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्यानं भुसावळहून गोरखपूरला थेट रेल्वे पकडावी आणि गाडी सीमेजवळून करावी. तिथला चालक घाटात रोज गाडी चालवतो. त्याच्याशी आधीच बोलून घ्या, अंधार पडल्यावर घाटात गाडी चालवायची नाही. हे बाईनंच सांगावं, पुरुषांना सांगायला कमीपणा वाटतो.

आपले १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०. दुकानदार भाव सांगेल तेव्हा "एनसी की आयसी?" असं विचारा, म्हणजे नेपाळी की भारतीय. शंभराच्या नोटा जास्त ठेवा आणि निम्म्या तुमच्या बटव्यात. घड्याळ १५ मिनिटं पुढं करा. आपलं सिमकार्ड तिथं सहसा चालत नाही, घरच्यांना तसं सांगून निघा, नाहीतर उगाच जीव टांगणीला.

लुंबिनीत मायादेवीचं मंदिर आहे आणि शेजारी सम्राट अशोकाचा खांब. त्यावर कोरलंय की बुद्धांचा जन्म इथं झाला म्हणून या गावाचा कर माफ केला आणि पिकातला राजाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची सारामाफी! शेतकऱ्याच्या बाईनं तिथं दोन मिनिटं थांबायलाच पाहिजे.

घरची म्हैस कोण पाहील, दूध कोण घालेल, हे जाऊबाईशी नाहीतर शेजारणीशी आधी ठरवा. तिची सहल निघेल तेव्हा तुम्ही पाहायची. येत्या मासिक बैठकीला सगळ्या जणी आपापलं मतदार ओळखपत्र घेऊन या. नाव, वय, पत्ता एकमेकींचं तपासू आणि दुरुस्तीचे अर्ज तिथंच भरू.