पहाटेचं रनिंग आणि संध्याकाळचं गणित

माण, खटाव, आटपाडी, जत हे सातारा-सांगलीचे कमी पावसाचे तालुके. इथं एक मुलगा पलटणीत गेला, की त्याच्या मनीऑर्डरवर मागचं घर उभं राहायचं. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचं स्मारक आजही गावात आहे.

मी १९८६ साली खटाव तालुक्यातून भरती झालो. तेव्हा आधी उंची, छाती, वजन, मग धावणं आणि लेखी परीक्षा अगदी शेवटी. त्यामुळे पहाटे सडकेवर पळणं म्हणजेच भरतीची तयारी, हे आमच्या भागात पक्कं बसलं. आज तेवढ्यानं भागत नाही, हेच मला सांगायचं आहे.

२०२२ साली अग्निपथ योजना आली आणि २०२३ पासून भरतीचा क्रम उलटा झाला. आता आधी संगणकावर लेखी परीक्षा. सामान्य ज्ञान, विज्ञान, गणित, बुद्धिमापन असे विषय आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. यातून निवड झाली तरच मैदानावर बोलावणं. तिथं १६०० मीटर साडेपाच मिनिटांत धावलात तर पूर्ण गुण, बीमवर दहा वेळा अंग उचललं तर पूर्ण गुण. नऊ फुटांचा खड्डाही ओलांडावा लागतो. पण आमची कितीतरी काटक पोरं या मैदानापर्यंत पोचतच नाहीत. पाय तयार असतात, गणित मात्र शाळेतच सुटलेलं असतं.

आणि पुस्तक भरतीपुरतंच लागतं, असंही नाही. आमचं प्रशिक्षण बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात झालं. हे केंद्र १९२२ पासून तिथं आहे. केस कापले, काळी ट्रंक मिळाली आणि उस्तादांच्या ताब्यात गेलो. पहाटे पीटी, मग ड्रिल, संध्याकाळी गिनती. चूक एकाची आणि रगडा सगळ्यांना. एसएलआर रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारताना खांदे भरून यायचे. आपल्या चुकीची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते, हे त्यातून अंगात मुरतं.

पण दुपारी वर्गही असत. रायफलचे भाग, नकाशा वाचणं, अंतराचा अंदाज घेणं आणि सगळं हिंदीतून. गावाकडं सर्वांत पुढं पळणारी काही मुलं इथं घाबरी झाली. बुटाला नीट पॉलिश करणारी, ऐकलेलं रात्री वहीत उतरवून ठेवणारी पोरं शांतपणे पुढं गेली.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आमची नोकरी पेन्शनची होती. अग्निवीराची नेमणूक चार वर्षांची. योजना जाहीर झाली तेव्हा त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील, असं ठरलं. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये सेवानिधी, पण पेन्शन नाही. म्हणजे बाविशी-पंचविशीत पोरगा पुन्हा दारात उभा राहणार. तेव्हा त्याच्या हाताशी शिक्षण हवं. दहावी झालेल्या अग्निवीराला सेवेत असतानाच बारावीचं प्रमाणपत्र मिळवायची सोय केलेली आहे. ती सोडू देऊ नका. आणि पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मुलांनो, पहाटेचं रनिंग चालू ठेवा. संध्याकाळी पारावर बसता त्यातले दोन तास मात्र गणिताला आणि विज्ञानाला द्या. भरती झालात तर ते बराकीत उपयोगी पडेल, चार वर्षांनी परत आलात तर घरी. आणि नाहीच झालात भरती, तरी ते वाया जाणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)