तक्रार कोणाच्या कानावर घालायची?

(पुणे शहरातील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातल्या एका भावाला वकिलाची नोटीस आली आहे. यंदा त्याची सरकी निम्मीसुद्धा उगवली नाही, दुबार पेरणी करावी लागली. रागाच्या भरात आठवडी बाजारात त्याने दुकानदाराला चोर म्हटले आणि घरी येऊन तेच मोबाईलच्या ग्रुपवर टाकले. आता दुकानदार म्हणतो, माझी बदनामी झाली, माफी माग, नाहीतर कोर्टात ये. गावात तीच पिशवी पेरलेले आणखी कितीतरी जण आहेत. नोटीस आल्याचे कळताच सगळे गप्प बसले. दुकानदाराला हवे होते तेच झाले.

म्हणून कायदा काय म्हणतो ते पाहू. अब्रुनुकसानीचे कलम इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातले. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम 356 आले. पाटी बदलली, दुकान तेच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आता समाजसेवेची शिक्षाही देता येते. पण या कलमाला दहा अपवाद आहेत, आणि ते कोणी नोटिशीत लिहून पाठवीत नाही! त्यातला आठवा आपल्या कामाचा. ज्या अधिकाऱ्याला त्या बाबतीत अधिकार आहे, त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी नव्हे. स्वतःच्या किंवा इतरांच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेला आरोप नवव्यात बसतो. भरपाईच्या दिवाणी दाव्यातही असेच संरक्षण आहे, पण ते मर्यादित. मनात आकस असला, किंवा ज्याचा काही संबंध नाही त्याला सांगितले, की ते गेले.

हे संरक्षण इंग्लंडात पक्के झाले ते एका कुळाच्याच खटल्यात, 1834 साली. कोठाराचे दार दुरुस्त करायला जमीनमालकाच्या कारभाऱ्याने सुतार पाठवला. काम बिघडले. कुळ म्हणाले, याने माझे तळघर फोडले आणि दारू पिऊन काम बिघडवले. हे त्याने सुताराला तोंडावर सांगितले, तेव्हा तिथे आणखी एक माणूस होता. मग सुताराच्या मागे त्या माणसाला पुन्हा सांगितले. शेवटी कारभाऱ्याकडे तक्रार केली. न्यायाधीश म्हणाले, तोंडावर बोललास ते चालेल, कारभाऱ्याला सांगितलेस तेही चालेल. मधल्या माणसाला एकट्याला गाठून सांगायचे काही कारण नव्हते, त्याला संरक्षण नाही. आरोप तोच, कान वेगळे.

आता सद्भावना म्हणजे काय? मन साफ होते एवढ्याने भागत नाही. कायद्यात तिचा अर्थ योग्य ती काळजी घेऊन, लक्ष देऊन केलेली गोष्ट. याची किंमत या पुण्यातल्याच दोघांनी मोजली आहे. 'केसरी' आणि 'मराठा' 1881 मध्ये सुरू झाले. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे म्हणून टिळक-आगरकरांनी तिथले कारभारी बर्वे यांच्यावर लिहिले आणि बर्व्यांची म्हणून काही पत्रे छापली. पत्रे बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी 17 जुलै 1882 रोजी चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून ते सुटले. त्यांना जामीन मिळावा म्हणून खटपट केली ती जोतीराव फुल्यांनी. मतभेद केवढे, तरी त्यांच्या शब्दावर उरवणे शेटजी दहा हजारांना जामीन राहिले. पुढे डिसेंबर 1883 मध्ये महाराज अहमदनगरला एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत गेले. म्हणजे काळजी अनाठायी नव्हती. पण कोर्टापुढे कागद होते, आणि कागद खोटे होते.

तेव्हा बियाण्याची तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, लेखी. सोबत पावती, पिशवी, लॉट नंबर. शेतातल्या उगवणीचा पंचनामा मागायचा आणि पोच घ्यायची. बाजार समितीतल्या काट्याची किंवा बेकायदा कपातीची तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे. सावकाराची असेल तर सहाय्यक निबंधकाकडे. "हा चोर आहे" असे लिहू नका. "या लॉटच्या दोन पिशव्या या तारखेला घेतल्या, इतक्या एकरात पेरल्या, इतकेच उगवले, चौकशी व्हावी" असे लिहा. डोळ्यांनी पाहिले ते वेगळे, ऐकले ते वेगळे. आणि अर्जाचा फोटो ग्रुपवर टाकायचा मोह आवरा. सद्भावना होती हे कोर्टात आपल्यालाच दाखवावे लागते. तिथे ही पोच आणि पंचनामा बोलतात, आपण कितीही कळवळून बोललो तरी नाही.

नोटीस आलेला आपला भाऊ इथेच बसला आहे. बाजारात तो बोलला ते परत घेता येत नाही, पण कृषी अधिकाऱ्याकडचा अर्ज अजून देता येतो. जेवणानंतर वकिलांबरोबर बसून नोटिशीचे उत्तर आणि अर्ज दोन्ही लिहायचे आहेत. त्याच्या गावाकडून आलेल्यांपैकी ज्यांच्याकडे त्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या असतील, त्यांनी घरी फोन करून लॉट नंबर वाचून घ्यावा आणि आपली सही त्या अर्जावर करावी.