बोका म्हणजे नुसता नर नव्हे

शालेय व्याकरणात ‘लिंग बदला’ या प्रश्नाखाली बोका आणि भाटी ही जोडी हमखास असते. त्यावरून बोका म्हणजे नर मांजर, एवढाच अर्थ मनात ठसतो. तो मला अपुरा वाटतो. बोका हा शब्द लिंगाबरोबर वय सांगतो, अंगलट सांगतो, स्वभावही सांगतो. आपलं रोजचं बोलणं पाहा. डोळे मिटून दूध पितं ते मांजर. आडवं जातं तेही मांजर. पण लोण्याच्या गोळ्यावरून भांडून माकडाचं फावू देणारे दोघे गोष्टीत बहुधा बोके असतात, आणि ‘माजलेला’ हे विशेषण जणू बोक्यासाठीच राखून ठेवलेलं आहे. गुपचूप काम साधायचं तिथे मांजर आणि गुरगुरत समोर ठाकायचं तिथे बोका, ही वाटणी कुणी न शिकवता आपण करतो.

या वाटणीला शरीराचा आधार आहे. वयात आलेल्या नराचे गाल टेस्टोस्टेरॉनमुळे रुंद होतात आणि डोकं थोराड दिसू लागतं. मानेची कातडी जाड होते. मारामारीत प्रतिस्पर्ध्याचे दात बरेचदा तिथे लागतात. शेपूट उभारून तो भिंतीवर मुताची चिळकांडी मारतो, तिचा उग्र दर्प कित्येक दिवस जात नाही. वयात येण्याआधीच नसबंदी झाली, तर ते गाल भरत नाहीत आणि दर्पही बराच कमी राहतो. म्हणजे ज्याला पाहून आपण बोका म्हणतो, ते रूप नुसत्या नरपणातून येत नाही.

यावर कुणी म्हणेल, पिल्लू घरी आणताना ‘बोका आहे की मांजर?’ असंच विचारतात ना? विचारतात खरं, आणि तिथे शब्द केवळ लिंगापुरताच वापरला जातो, हे मान्य करायला हवं. पण ‘रात्री कौलांवर दोन बोके भांडत होते’ असं ऐकल्यावर पिल्लं कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाहीत. दुसरा आक्षेप दिलीप प्रभावळकरांच्या गोष्टींतल्या ‘बोक्या सातबंडे’चा. बोक्या तर लहान मुलगा! पण त्या नावात गोडवा येतो तो लहानग्याला दांडगटाचं नाव दिल्यामुळेच. मूळ अर्थ थोराड नसता, तर ही गंमत उरली नसती.

तिसरा प्रश्न आजचा आहे. नसबंदी झालेल्या नराला काय म्हणायचं? गुरांसाठी आपल्याकडे गोऱ्हा, बैल, वळू असे वेगळे शब्द आहेत, कारण शेतकऱ्याला तो फरक रोज हाताळावा लागे. मांजरांना पूर्वी आपल्याकडे सहसा कुणी खच्ची करत नसे, म्हणून तसा शब्द घडला नाही. दवाखान्याच्या कागदावर ‘नर’ लिहिलं की भागतं. घरात मात्र नवा शब्द पाडायची गरज नाही. मराठीत ‘ते मांजर’ असं नपुंसकलिंगी रूप पूर्वीपासून रुळलेलं आहे, तेच वापरावं. लाडाने कुणी त्याला बोका म्हटलं तर खुशाल म्हणावं. वर्णन करताना मात्र ते नाव भरल्या गालांच्या, हद्दीसाठी झुंजणाऱ्या त्या गड्यासाठीच ठेवावं.