नोकरी सांभाळून परिचर्येची पदवी
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत एका परिचारिकेनें केलेलें भाषण)



धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिलीच्या शुभप्रसंगीं मजसारख्या परिचारिकेनें चार शब्द बोलावे अशी फादरांची आज्ञा झाली, ती मीं भीत भीतच मान्य केली. वसईच्या ह्या भागांतून पुष्कळ मुली परिचर्येच्या कामासाठीं मुंबईस व परदेशीं गेल्या. मी त्यांतलीच एक.

मुंबईस डिप्लोमा घेऊन, तेथें कांहीं वर्षें काम करून मी न्यूयॉर्क येथें गेलें व २०२१ सालीं मला तेथील परवाना मिळाला. त्या राज्यानें २०१७ सालीं असा कायदा केला आहे कीं, नव्यानें नोंदलेल्या परिचारिकेनें दहा वर्षांच्या आंत पदवी संपादन करावी. खरें सांगावयाचें तर मला राग आला. इतकीं वर्षें रुग्णांची शुश्रूषा केलेल्या बाईस कागदाचा तुकडा काय शिकविणार, असें मी यजमानांस म्हणालें.

शाळा अशी कोठें दिसत नव्हती. सर्व अभ्यास ऑनलाइन. आठवड्याचे पाठ संगणकावर येत. त्यांवर आपलें मत लिहावयाचें, इतर विद्यार्थिनींस उत्तर द्यावयाचें आणि मुदतींत निबंध पाठवावयाचा. जखम बांधणें, सुई टोंचणें हें तेथें पुन्हा शिकवीत नाहींत. संख्याशास्त्र, संशोधन, सार्वजनिक आरोग्य हे मुख्य विषय. माझी पाळी संध्याकाळीं सातपासून सकाळीं सातपर्यंत, आठवड्यांतून तीन रात्रीं. घरीं येऊन मुलीस शाळेंत धाडावें आणि न निजतां स्वयंपाकघरांतील मेजाशीं बसावें. तिच्या पहिल्या कम्युनियनची तयारी तिच्या बाबांनींच करून घेतली. आणि रविवारच्या मिस्सेंत उपदेशाच्या वेळीं मीं किती डुलक्या घेतल्या, तें फादरांपुढें न सांगितलेलें बरें.

संख्याशास्त्राची मला मोठी धास्ती होती, परंतु त्यानेंच माझा राग घालविला. आमच्या वॉर्डांत वृद्ध रुग्ण रात्रीं पडत. ‘वयच झालें’ असें म्हणून आम्ही नोंद करीत असूं. एका पाठासाठीं मीं तीन महिन्यांच्या नोंदींतील वेळा मांडल्या, तों बहुतेक रुग्ण पहांटे चार ते सहाच्या दरम्यान, लघवीस एकटे जातांना पडलेले आढळले. त्याच वेळीं आम्ही सर्वजणी तपासणीसाठीं रक्त काढण्यांत गुंतलेल्या! ‘हें तुमच्या गृहपाठांतच असूं द्या,’ असें एका वरिष्ठांनीं सुनावलें. पुढें मात्र रक्त काढण्यापूर्वीं प्रत्येक खाटेजवळ जाऊन ‘उठावयाचें आहे काय?’ असें विचारण्याची रीत पडली. पडणें थांबलें नाहीं; कमी झालें. इतकीं वर्षें मीं अशा रुग्णांना उचलून निजविलें होतें, पण तें केव्हां पडतात हें एकदांही मोजलें नव्हतें.

पेनसिल्व्हेनिया राज्यांतील १६८ रुग्णालयांची पाहणी लिंडा एकन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केली. पदवीधर परिचारिकांचें प्रमाण शेंकडा १० नें अधिक, तेथें शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यूचा संभव सुमारें शेंकडा ५ नें कमी, असें त्यांस दिसलें. म्हणून डिप्लोमावाली हलकी असें कोणी समजूं नये. मला हें काम शिकविणाऱ्या सिस्टरजवळ पदवी नव्हती. तिच्याइतका हलका हात मजजवळ अजून नाहीं.

वय झालें असें म्हणणाऱ्या भगिनींनीं संत कामिल्लस ह्यांस आठवावें. १९३० सालीं पोप अकरावे पायस ह्यांनीं त्यांस व संत जॉन ऑफ गॉड ह्यांस परिचारिकांचे आश्रयदाते नेमिलें. ते बत्तिसाव्या वर्षीं पोरांच्या रांगेंत बसून लॅटिन शिकले.

बंधूंस एक विनंती. घरांतील परिचारिका शिकत असेल तर तिला सकाळची झोंप द्या. पाहुणे दुपारीं येऊं द्या.

आपल्या देशांत परिचर्येची पदवी केवळ ऑनलाइन मिळत नाहीं. डिप्लोमा झालेल्यांस पोस्ट बेसिक बी. एस्‌सी. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ‘घरबसल्या पदवी’ म्हणून कोणी पैसे मागूं लागल्यास आधीं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे चौकशी करावी. सभा सुटल्यावर मी देवळाच्या ओसरीवर थांबतें. ज्या मुलींस कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं खुशाल यावें.