एका जाळीच्या शालीची हकिगत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा बाहेरचे पाहुणे नकोत, आपल्यापैकीच कोणीतरी आपल्या हातच्या कामाविषयी बोलावे, असे बैठकीत ठरले आणि ते माझ्या गळ्यात पडले. मी काही वक्ती नव्हे. भाषणाऐवजी चारशे सुया विणून आणा म्हटले असते, तर मी आनंदाने विणून आणल्या असत्या. पण प्रदर्शनाच्या टेबलावरची ती पांढरी शाल पाहून "किती दिवस लागले हो?" असे सकाळपासून वीसजणींनी तरी विचारले. तेव्हा उत्तर सर्वांना एकदमच देते. दहा महिने लागले. आणि त्यांतले दोन महिने मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

शाल माझ्या आईची आहे. दोन दिवसांसाठी मागून आणली आहे.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी ठरले की, वैशाखात आईचे सहस्रचंद्रदर्शन करायचे. विणकाम मला आईनेच शिकवले. किर्लोस्करांनी १९३० साली सुरू केलेले 'स्त्री' मासिक आमच्या आजोळी येत असे. त्यांतले विणकामाचे नमुने आई वहीत उतरवून ठेवी. आता तिच्या डोळ्यांना समोरचे सारे धुरकट दिसते, त्यामुळे सुया सुटल्या. मनात आले, हिला विकतची शाल कशाला पांघरायची? आपल्या हातची करावी, आणि तीही साधी नव्हे, जाळीची. आईला जे जन्मभर करायचे होते आणि संसारात जमले नाही, ते.

या जाळीच्या शालींचे माहेर स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंड बेटांत. तिथल्या मेंढ्यांच्या मानेजवळची लोकर इतकी मऊ की ती कातरीत नसत, हाताने उपटून घेत. तिचा केसासारखा बारीक धागा काढून विणलेली मोठी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येई, म्हणून तिला अंगठीची शालच म्हणतात. नमुन्यांची नावे घरगुती आहेत: मांजराचा पंजा, पाखराचा डोळा. मात्र हे सारे वाचून भुलू नये. त्या बायका हौसेने विणीत नव्हत्या. व्यापारी त्यांना पैशांऐवजी चहा नि कापड देत, आणि १८७२ साली त्याची सरकारी चौकशी व्हावी लागली. आपल्याकडे आंध्रात नरसापूरला घरोघर क्रोशाची लेस होते. तिथल्या बायकांवर मारिया मीस यांनी १९८२ साली पुस्तक लिहिले. दिवसभर लेस विणून परदेशी पाठवणाऱ्या या बायकांची गणती 'गृहिणी' म्हणून होई आणि मजुरी अगदी थोडी मिळे, असे त्यात आहे. विड्या वळणाऱ्या बायकांच्या शहरात राहणाऱ्या आपल्याला हे निराळे समजावून सांगायला नको. मी ज्या आनंदाविषयी बोलणार आहे तो माझ्या वाट्याला आला, कारण मला कोणी नगावर पैसे देत नव्हते. हे आधी सांगून टाकलेले बरे.

तर भाचीने परदेशातून बारीक लोकर आणि नमुना पाठवला. नमुना म्हणजे चौकटींचा आलेख. न विणणाऱ्या भगिनींसाठी सांगते, विणकामातल्या एका ओळीला आपण 'सुई' म्हणतो. जाळीचे गणित सोपे आहे. सुईवर धागा घेतला की एक टाका वाढतो आणि तिथे भोक पडते. शेजारी दोन टाके एकत्र विणले की वाढलेला टाका कमी होतो. ही वाढ-घट कुठे करायची, एवढ्यावर पाने, फुले, लाटा सगळे उमटते. सम सुया सगळ्या उलट. माझ्या शालीला १२७ टाके आणि ३८४ सुया. गुणाकार मी करून पाहिला, ४८,७६८ टाके होतात. आधी केला असता, तर शाल झालीच नसती.

पहिल्या महिन्यात चार वेळा टाके घातले आणि चारही वेळा उसवले. आलेख पाहिला की डोळे फिरत. आमच्या शेजारी एक पद्मशाली मामा राहतात. जन्मभर त्यांनी चादरीची नक्षी आलेखावर उतरवून जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोके पाडली. लिआँ गावच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास काढलेला हा माग. त्यात एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. मामांनी माझा आलेख हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, "वैनी, सगळं एकदम बघू नका. वरचं झाका. एक लाइन, एक पुठ्ठा." मग त्यांनी आपली जुनी लाकडी पट्टी आणून दिली. ती पट्टी आलेखावर ठेवायची, एक सुई झाली की वर सरकवायची. सोलापुरात राहून मला हे सुचू नये! आपल्या चादरीवरचा मोर पुठ्ठ्यांतल्या भोकांनी विणला जातो हे लहानपणापासून पाहिलेले. त्यानंतर माझे काम चालू लागले.

चैत्र आला. आपल्याकडचा चैत्र-वैशाख काय सांगावा! मांडीवर लोकर, वर पंखा फिरतोय आणि बोटांना घाम. हाताला पावडर लावून विणायची. दिवस थोडे उरले तशी घाई झाली. एकशे सत्त्याऐंशीव्या सुईला टाके मोजले तर १२६ भरले. एक टाका कुठेतरी गळला होता. शोधायला हवा होता. मी काय केले, शेजारचा आडवा धागा उचलून त्याचा टाका केला आणि १२७ भरवले. संख्या जुळली, पुढे चालले. हिशेबाच्या वहीत अशी लबाडी मी कधी केली नसती.

समारंभाला आठ दिवस असताना, दोनशे बाराव्या सुईवर, कौतुकाने शाल उजेडात धरली तर मधोमध एक शिडी दिसली. तो गळलेला टाका गुपचूप खाली खाली ओघळत गेला होता. चादरीचा एखादा धागा तुटला तरी चादर चादरच राहते, कारण उभे-आडवे धागे एकमेकांना धरून असतात. विणकामात सगळा कारभार एकाच धाग्यावर. साध्या विणीत ओघळलेला टाका क्रोशाच्या सुईने वर चढवता येतो. जाळीत, धागा घेतलेल्या जागी, टाका कुठला नि भोक कुठले तेच कळेना. मी शाल पिशवीत घातली आणि पिशवी कपाटात वरच्या फळीवर टाकली. समारंभाला बाजारातून शाल आणली. चांगली होती. आईने कौतुकाने घेतली, मला काही विचारले नाही. तिने विचारले असते तर बरे झाले असते.

दोन महिने गेले. आषाढात पाऊस सुरू झाला, लोकरीचे कपडे तपासायला काढले आणि ती पिशवी हाताला लागली. आता समारंभ नव्हता, तारीख नव्हती, कोणी वाट पाहत नव्हते. बसले आणि सव्वीस सुया उसवल्या. बारीक लोकर उसवणे म्हणजे गुंतलेले केस सोडवण्यासारखे, ओढले की तुटते. दोन दुपारी गेल्या. एकशे सत्त्याऐंशीव्या सुईपर्यंत येऊन, गळलेला टाका उचलून, सगळे १२७ सुईवर घेतले. खरे १२७. तेव्हापासून दर सोळा सुयांनंतर सगळ्या टाक्यांतून शिवणाचा रंगीत दोरा ओवून ठेवू लागले. पुन्हा काही चुकले तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचे. एवढी युक्ती आधीच केली असती तर! गंमत अशी, की दोरा ओवू लागल्यावर एकदाही उसवावे लागले नाही.

भाद्रपदात एका रात्री शेवटचा टाका बंद केला. पावणेबारा वाजले होते. घरात सगळी निजलेली. कोणाला उठवून सांगावे असे काही ते नव्हे. मी नुसतीच बसून राहिले. आपली कामे कशी असतात? केलेला स्वयंपाक दुपारी संपतो, घासलेली भांडी रात्री पुन्हा मोरीत. "झाले" असे म्हणता येईल असे काम बाईच्या हातात फार क्वचित येते. यजमान पाणी प्यायला उठले तेव्हा मी म्हटले, "झाली." ते म्हणाले, "काय झालं?"

आणि खरे सांगते, तेव्हा ती शाल उकडलेल्या शेवयांच्या लगद्यासारखी दिसत होती! नक्षी पाणी लागल्याशिवाय उलगडत नाही. सकाळी कोमट पाण्यात भिजवली, न पिळता आपल्याच सोलापुरी टॉवेलात गुंडाळून पाणी टिपले आणि गादीवर चादर पसरून ताणून बसवली. काठाच्या एकेका टोकाला न गंजणारी टाचणी. ओढावी तशी ती वाढत गेली, पाने उघडली, भोके डोळे उघडावेत तशी उघडली. दीड हात रुंद, सव्वातीन हात लांब, वजन पासष्ट ग्रॅम. सुकल्यावर मी बोटातली अंगठी काढली. दार लावून घेतले होते हे सांगायला हरकत नाही. शाल तिच्यातून गेली. मामांना दाखवली, तर त्यांनी आधी उलटी बाजू पाहिली आणि मान डोलवली. मला ते प्रशस्तिपत्र पुरले.

मग आईकडे गेले. तिला दिसत नाही म्हणून शाल मांडीवर पसरली. तिने बोटे काठावरून फिरवायला सुरुवात केली, एक पान, दुसरे पान, सावकाश. मी पुष्कळ काय काय सांगत होते. अंगठीचे सांगितले, शेटलंडचे सांगितले. तिचे लक्ष नव्हते. एका जागी बोट थांबले.

"इथं एक भोक कमी आहे गं."

मी खिडकीशी नेऊन पाहिले. खरेच होते. सुरुवातीच्या एका पानात धागाही घ्यायचा राहिला होता आणि जोडीचे दोन टाके एकत्र करायचेही राहिले होते, म्हणून मोजणीत कधी सापडले नव्हते. दहा महिने माझ्या डोळ्यांना जे दिसले नाही, ते तिच्या बोटांना पाच मिनिटांत कळले.

"आता काय करू?" मी विचारले.

"आता काय करणार? पुढच्या वेळी मोज," आई म्हणाली आणि त्या उकाड्यात शाल अंगाभोवती लपेटून, पंखा मोठा करायला सांगून बसली.