कंटाळा आला? तलावावर चला!

सुट्टीत वेळ जात नसेल तर पक्षी पाहायला लागा. दुर्बीण नंतर घेता येईल, सुरुवातीला वही-पेन पुरे. अमरावतीकरांना वडाळी आणि छत्री तलाव, अकोलेकरांना कापशीचा तलाव हाताशी आहे. हिवाळ्यात सकाळी लवकर गेलात, तर दूर उत्तरेतून आलेली बदकं दिसू शकतात.

तलाव लांब वाटतो? मग घराजवळच्या विजेच्या तारेवर वेडा राघू शोधा. हिरवा, चिमणीएवढा. उडती मधमाशी पकडून तो परत बैठकीवर येतो, तिला आपटतो, घासतो, डंख निकामी करतो आणि मगच गिळतो. हे एकदा पाहिलं की मोबाईलची आठवणही होत नाही!

वहीत तारीख, वेळ, जागा, चोचीचा आकार लिहा. नावाची घाई नको, धीर धरा. आपल्या मेळघाटातही राहणारा रानपिंगळा शतकाहून अधिक काळ शास्त्रज्ञांनाही सापडतच नव्हता. 1997 मध्ये तो नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पुन्हा दिसला. घुबड असूनही हा पिंगळा दिवसाही शिकार करतो.

5 ते 12 नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. पक्षीअभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांचा हा आठवडा. वही त्याआधीच सुरू करा.