निवारा नाही तर शिक्षण नाही

(जामनेर येथील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा सारांश)



दहावी-बारावीत उत्तम यश मिळविल्याबद्दल सर्व गुणवंतांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. पुढे कोणती शाखा घ्यावी, कोणती परीक्षा द्यावी, याविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी मोलाचे मार्गदर्शन केले. माझा विषय त्या मानाने अगदी साधा आहे. प्रवेश मिळाल्यानंतर राहायचे कुठे? आपल्या तालुक्यातील कितीतरी मुलांचे, आणि त्याहून अधिक मुलींचे शिक्षण याच प्रश्नापाशी अडते. गुण असतात, प्रवेश असतो, सवलतही असते. पण परक्या गावात रात्री डोके टेकायला जागा नसते. मग आई-बाप म्हणतात, "राहू दे, इथंच काहीतरी कर."

जामनेरहून जळगाव पस्तीस-चाळीस किलोमीटर. आपले विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव त्याला मिळाले. ते जळगाव शहरातही नाही. गिरणा नदी ओलांडून धुळे रस्त्याला आहे. आपल्या खेड्यातील मुलाने आधी जामनेर गाठायचे, तेथून जळगाव, तेथून पुढे विद्यापीठ. असे अपडाऊन करणाऱ्या मुलाचे रोजचे चार-पाच तास रस्त्यावर जातात. ग्रंथालय त्याच्या वाट्याला येत नाही, सायंकाळचे मार्गदर्शन वर्ग येत नाहीत. पुणे-मुंबई-नागपूरला जाणाऱ्यांना तर खोलीशिवाय गत्यंतरच नाही.

मित्रहो, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. आपल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थ्यालाही तो चुकला नाही. १९१७ साली बाबासाहेब अमेरिका व इंग्लंडमधील शिक्षण करून परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. एवढ्या विद्वान माणसाला त्या शहरात कोणी जागा देईना. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्यास सांगून गेला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारून पाहिले, दोघांनीही असमर्थता दाखविली. गाडी रात्रीची. तोपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले आणि मुंबईला परत आले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे.

पुढे काय केले ते लक्षात घ्या. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. त्याच्याही आधी, १९०८ साली, राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले होते. १९२४ साली कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि नागसेनवनात वसतिगृहे उभी राहिली. पहूर-फर्दापूर-सिल्लोडच्या रस्त्याने आपल्या भागातील मुलेही तेथे गेली. शाळा काढून भागत नाही, मुलाच्या डोक्यावर छप्परही द्यावे लागते, हे या थोर पुरुषांनी ओळखले होते.

आज शासकीय वसतिगृहे आहेत, परंतु जागा थोड्या आणि अर्ज फार. ज्यांना तेथे प्रवेश मिळत नाही, अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाने ६ जानेवारी २०१७ च्या निर्णयाने भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. त्या निर्णयानुसार पुणे, मुंबई, नवी मुंबई, ठाणे व नागपूर येथे शिकणाऱ्यास वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रात ५१,००० रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये ठरले. जळगावला महापालिका आहे, हे ध्यानात ठेवा. रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. उत्पन्नाची मर्यादा, गुणांची अट, हजेरीची अट आहे आणि विद्यार्थी त्या शहरातला रहिवासी नसावा लागतो. चालू वर्षाचे नियम समाजकल्याण कार्यालयात प्रत्यक्ष विचारून घ्या. वसतिगृहाचा अर्ज करणे मात्र चुकवू नका, कारण योजना वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहे.

आता जरा हिशेब करू. पुण्यासाठीच्या ६०,००० रुपयांत राहण्याचे २०,००० धरलेले आहेत. बारा महिन्यांनी भागले तर महिन्याला सुमारे १,६६६ रुपये. जळगावसाठी राहण्याचे १५,००० आहेत, म्हणजे महिन्याला १,२५०. एवढ्यात स्वतंत्र खोली मिळत नाही. चौघांत मिळून घ्यावी लागते, किंवा पुण्यात ज्याला 'कॉट बेसिस' म्हणतात तसे राहावे लागते. दुसरे असे की योजनेचा पैसा कागदपत्रांची तपासणी होऊन नंतर येतो. खोलीवाला डिपॉझिट मागतो ते पहिल्याच दिवशी. एजंट मध्ये असेल तर त्याचे वेगळे. म्हणजे खरी अडचण प्रवेशाच्या त्या पहिल्या महिन्यातली आहे. रोजंदारी करणारा बाप त्या महिन्यात पंधरा-वीस हजार आणणार कुठून? व्याजाने काढतो, नाहीतर मुलाला घरी बसवतो. याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

पैशांची व्यवस्था झाली तरी दुसरे एक दार असते. ते आडनावाचे. आपल्या खानदेशात सोनवणे, सपकाळे, तायडे ही आडनावे अनेक समाजांत आहेत. म्हणून घरमालक पुढे विचारतो, "कोणते सोनवणे?" मग गाव, मग गावात राहता कुठे, मग जेवणात काय चालते. आणि शेवटी, "काल सांगायला हवं होतं, आजच दिली बघा." आपल्याच तालुक्यातील एका मुलीला पुण्यात एका दुपारी तीन घरांतून हेच उत्तर मिळाले. चौथ्या घरी एका म्हाताऱ्या बाईंनी तिला चहा दिला, किल्ली दिली आणि जात विचारली नाही. अशी माणसेही आहेत, हे सांगितले पाहिजे. परंतु अशी माणसे भेटणे नशिबावर सोडता येत नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. दलित आणि मुसलमान भाडेकरूंना सवर्णांच्या तुलनेत कितीतरी अधिक नकार मिळतात, आणि घर मिळालेच तर पुष्कळदा जाचक अटींवर मिळते, असे त्यात दिसून आले. तेव्हा हा कोणा एका मुलीच्या मनाचा खेळ नव्हे.

काही मुले मग नाव बदलून सांगतात, बाबासाहेबांचा फोटो पेटीत ठेवतात. मी त्यांना दोष देत नाही. पोटाची आणि परीक्षेची निकड मी जाणतो. पण व्यवहाराची गोष्ट सांगतो. करार आधार कार्डावर होतो, पत्र मूळ नावाने येते, भेटायला आई-वडील येतात. लपवलेले नाव टिकत नाही. बडोद्यात ते अकरा दिवसच टिकले. जूनमध्ये मिळालेला नकार कडू असतो, पण दुसरी खोली शोधायला वेळ असतो. मार्चमध्ये, पेपर आठ दिवसांवर आले असताना सामान रस्त्यावर आले, तर वर्ष जाते. म्हणून पहिल्या दिवशी खरे नाव सांगा, मान वर करून सांगा.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. कोणत्याही वस्तीत वा शहरात राहण्यासाठी जागा घेण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा त्याच्या कलम ४ नुसार गुन्हा आहे; एक ते सहा महिने कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. सिद्ध करणे सोपे नाही, कारण तोंडावर कोणी जात काढत नाही. पण जेथे उघडपणे काढली जाते तेथे तारीख, वेळ, शब्द आणि सोबत कोण होते हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि मंडळाला कळवा. एकट्याने वाद घालत बसू नका.

खोली मिळाली की कागद करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?" असे पुष्कळ लोक म्हणतात. महाराष्ट्रात ते चालत नाही. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोंदणी आता ऑनलाइनही होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये. चौघांनी वाटून घेतले तर जड नाही.

भाड्याची पावती मागा. ती देणे कायद्याने बंधनकारक आहे. पैसे खात्यातून दिलेत तर उत्तमच. डिपॉझिट किती आणि परत केव्हा, हे करारात लिहून घ्या. पहिल्या दिवशी वीजमीटरचा आकडा आणि खोलीतील पलंग, पंखा, नळ यांची स्थिती कागदावर नोंदवून दोघांच्या सह्या घ्या. भांडण झाले म्हणून पाणी-वीज तोडण्याचा अधिकार मालकाला नाही. कलम २९ ने तशी मनाई केली आहे. उलट मुदत संपली की खोली सोडणे हे आपले कर्तव्य आहे. अडून बसणाऱ्याला कलम २४ नुसार दुप्पट आकार भरावा लागू शकतो. मुलींनी दाराची कडी, संडास-न्हाणीची सोय, रात्रीचा रस्ता आणि बसथांबा दिवसा नव्हे, सायंकाळी जाऊन पाहावा. खोली न पाहता, नुसत्या फोटोवर, एक रुपयाही पाठवू नका.

आणि राहताना असे राहा की मालकाने पुढच्या वर्षी आपल्याच गावचा मुलगा मागावा. भाडे वेळेवर, खोली स्वच्छ, अभ्यास नियमित. शेवटी शीलाचा प्रभाव कागदापेक्षाही दूरवर जातो.

आता मंडळाला माझी नम्र विनंती. पहिली, एक नोंदवही करा. जळगाव, पुणे, संभाजीनगर, नाशिक, मुंबई येथे आपले कोण विद्यार्थी, कोण नोकरदार आहेत, कोणत्या घरी खोली मिळाली, भाडे किती, मालक कसा, हे सर्व त्यात लिहा. दुसरी, डिपॉझिटसाठी एक फिरता निधी उभारा. जूनमध्ये विद्यार्थ्याला द्यायचा, योजनेचे पैसे आल्यावर किंवा डिपॉझिट परत मिळाल्यावर त्याने मंडळात भरायचा, आणि तेच पैसे पुढच्याच्या कामी यायचे. प्रत्येक नोकरदाराने एका महिन्याचे एका खोलीचे भाडे दिले तरी सुरुवात होते. तिसरी, पहिल्यांदा शहरात जाणाऱ्या मुलामुलीबरोबर खोली पाहायला एक जाणता माणूस पाठवा. बापाला सुट्टी मिळत नाही, भाषेची भीड पडते; तेथे एका माणसाचा आधार फार मोठा असतो.

आपल्या शेजारी अजिंठ्याची लेणी आहेत. पाच चैत्यगृहे सोडली तर बाकीची लेणी विहार आहेत, म्हणजे राहण्या-शिकण्याच्या जागा. दगड फोडून त्या लोकांनी आधी निवारा केला. लंडनला किंग हेन्री रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. विद्यार्थ्याच्या भाड्याच्या जागेची किंमत किती असते, हे यावरून समजावे.

विद्यार्थ्यांनो, आज तुम्हाला मंडळाने शाल दिली. उद्या तुम्ही खोली सोडाल तेव्हा किल्ली मालकाच्या हाती देण्याआधी मंडळाला एक निरोप द्या, म्हणजे मागून येणाऱ्या जामनेरच्या मुलाला चार दारे हिंडावी लागणार नाहीत. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!